दोन सांध्यांमधला झोल

जुनी डिझेल गाडी बडबडी असते. थंड इंजिन सुरू झालं की बॉनेटखाली ठोके पडू लागतात, डॅशबोर्डातल्या कुठल्यातरी पट्टीला कंप सुटतो, एखादं दार ढिलं असेल तर तेही साथ धरतं. या गजबजाटात मागच्या चाकाकडून येणारा बारीक 'टक्' सहज हरवतो. क्लच सोडताना एकदा, रिव्हर्समधून पहिल्या गिअरात येताना एकदा, एवढाच. पेट्रोल गाडीत तो लगेच कानाला लागला असता. डिझेलमध्ये तो महिनोन्‌महिने सोबत फिरतो आणि दोष इंजिनाच्या माउंटिंगला दिला जातो.

तो 'टक्' म्हणजे झोल. जिथे ग्रीसच्या पापुद्र्याइतकीच जागा हवी तिथे जास्त जागा झालेली असते, आणि जोराची दिशा बदलली की एक तुकडा ती जागा ओलांडून दुसऱ्यावर आदळतो. मागच्या अ‍ॅक्सल शाफ्टची सगळी कहाणी या जागेची आहे. कुठे ती हवी, कुठे नको आणि कुठे किती.

उदाहरणाला मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिका घेऊ. १९७६ साली ती बाजारात आली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिली. तिच्यातल्या २४० डी आणि ३०० डी या डिझेल गाड्या इंजिनाच्या चिवटपणामुळे इतकी वर्षं चालतात की बाकीच्या अवयवांची दुसरी-तिसरी पिढी तिच्यात बसते. अ‍ॅक्सल शाफ्ट त्यांपैकीच एक. या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी, रबरी माउंटिंगवर गाडीच्या अंगाला टांगलेलं असतं, ते खड्ड्यात खालीवर होत नाही. चाकं मात्र तिरप्या ट्रेलिंग आर्मवर (चाक धरून वरखाली झुलणाऱ्या बाहूवर) असतात आणि सतत नाचतात. या दोघांना जोडणारा दोन टोकांना दोन सांधे असलेला आखूड दांडा म्हणजे आपला शाफ्ट. चाक वरखाली झालं की दोघांमधलं अंतरही थोडं बदलतं, त्यामुळे सांध्यांना नुसतं वाकून भागत नाही. थोडं आतबाहेर सरकावंही लागतं.

आणि हे सगळं ओझं वाहत असताना. २४० डीचं इंजिन जास्तीत जास्त १३७ न्यूटन मीटर टॉर्क देतं. आकडा लाजराच आहे. पण पहिला गिअर साधारण ३.९ पटीचा आणि डिफरन्शियल ३.६९ पटीचं. गुणाकार केला तर जवळपास १,९७० होतात. दोन चाकांत निम्मे-निम्मे वाटले तर घर्षणाची वजावट करण्याआधी प्रत्येक शाफ्टच्या वाट्याला सुमारे ९८५ न्यूटन मीटर येतात. चढावर गाडी भरून निघाली की हा पीळ त्या दांड्यातून आणि त्याच्या टोकांच्या चिमुकल्या गोळ्यांतून जातो. अ‍ॅक्सल घासतो तो वेगाने नव्हे, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरातल्या कामाने.

साधा क्रॉस (अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्यावर वाकणारा सांधा) लावून हे का भागत नाही, हा प्रश्न रास्त आहे. एकटा क्रॉस सांधा कोनात फिरला की त्याचं पुढचं टोक एकसारखं फिरत नाही. १० अंशांच्या कोनात ते प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का पुढे धावतं आणि दोनदा तितकंच मागे रेंगाळतं. गाडीत बसलेल्याला हे कंपनासारखं जाणवतं. यावर आल्फ्रेड झेप्पाने १९२०च्या दशकात जो तोडगा काढला तो आजही चालतो. आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये वक्र खाचा, त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना नेहमी दोन दांड्यांच्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत धरून ठेवणारा पिंजरा. त्यामुळे आत जितका वेग, बाहेर तितकाच.

आता झिजेकडे पाहू, कारण निदानाची किल्ली तिच्यातच आहे. मागच्या चाकाला स्टिअरिंग नसतं. पुढच्या चाकाच्या सांध्यासारखं त्याच्या सांध्याला मोठ्या कोनात वळावं लागत नाही. आयुष्यभर तो मधल्या काही अंशांत डोलत राहतो. म्हणून गोळ्या खाचांच्या मध्यावरच घासतात. उंबरठा मधोमध झिजतो आणि कडांना कोरा राहतो, तसं. काढलेला शाफ्ट हातात घेऊन सांधा पूर्ण वाकवला तर तो घट्ट, नवा असल्यासारखा वाटतो आणि सरळ धरला की खडखडतो. पुष्कळांची इथे फसगत होते: वाकवून पाहतात, 'ठीक आहे' म्हणतात आणि परत बसवतात. सांधा तपासायचा तो सरळ अवस्थेत, दोन्ही बाजू उलटसुलट पिळून. मग हळूहळू वाकवत न्यायचा. मध्यातून बाहेर पडताना हाताला बारीकशी पायरी लागली, तर खाचेत खळगा पडला आहे. त्याला ग्रीसचा इलाज नाही.

मागची स्प्रिंग बसलेली असेल तर शाफ्ट कायम तिरका राहतो आणि झीज मध्यावरून सरकून दुसऱ्याच जागी पडू लागते. नवा शाफ्ट टाकण्याआधी गाडी मागून खाली बसली आहे का, हे पाहणं त्यासाठीच. नाहीतर नवीन माल जुन्या आजारात घातल्यासारखं होतं.

सांध्याचा खरा मारेकरी मात्र पीळ नसतो, बूट असतं. रबराची ती भात्यासारखी टोपी वयाने कडक होते, घड्यांच्या तळाशी चिरते आणि फिरत्या शाफ्टचं ग्रीस चिरेतून बाहेर भिरकावलं जातं. रिमच्या आतल्या बाजूला, ट्रेलिंग आर्मवर आणि वर गाडीच्या तळाला काळ्या चिकट शिंतोड्यांची एक रेघ उमटते. गाडीखाली वाकणाऱ्याला इतकी स्पष्ट चिठ्ठी दुसरा कुठलाही भाग लिहून ठेवत नाही. ग्रीस गेलं त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या जागी धूळ आणि पाणी शिरलं. धूळ मिसळलेलं ग्रीस ही पॉलिशची पेस्टच. चीर ताजी असेल, उरलेलं ग्रीस काळं आणि मऊ असेल (मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळे ते काळंच असतं, त्याला घाबरू नये), तर सांधा वाचू शकतो. ग्रीस तांबूस झालं असेल तर आत गंज आहे. बोटांत चोळल्यावर चमचमते कण दिसले तर खाचांचं कडक कवच सुटू लागलं आहे. या दोन्ही अवस्थांत नुसतं बूट बदलणं म्हणजे वेळ दवडणं. उभं चिरलेलं, गाडीवरच गुंडाळून चिकटवायचं बूटही मिळतं. त्याची शिवण ग्रीसचा एक थेंब लागला तरी नीट धरत नाही, म्हणून ते गाडी घरी पोचवण्यापुरतं मानावं.

पण प्रत्येक 'टक्' अ‍ॅक्सलचा नसतो, आणि नको तो भाग बदलण्याइतकं महाग काही नाही. आधी कंपन मोजा. या गाडीच्या १४ इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या आत आहे. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला ८ ते ९ वेळा फिरतं, गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट मात्र ३० ते ३२ वेळा. सीटला मोजता येईल असे संथ हेलकावे बसत असतील तर शंका चाक, टायर आणि अ‍ॅक्सलवर. घुंगुर्डा भिरभिरल्यासारखा गुंजन असेल तर शंका प्रॉपेलर शाफ्ट, त्याचं मधलं बेअरिंग आणि रबरी डिस्कवर. मग पाय उचला. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि सोडला की शांत, असं झालं तर ओझ्याखाली बोलणारा सांधा संशयित. ओझ्याशी संबंध नसलेली, वेगाबरोबर चढणारी आणि वळणावर कमीजास्त होणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. आणि एकच मोठा दणका, तोही फक्त गाडी निघताना, हा बरेचदा डिफरन्शियलच्या मागच्या रबरी माउंटिंगचा असतो.

शेवटची खात्री खडूने. पुढच्या चाकांना अडण्या लावून मागची दोन्ही चाकं उचला, सांध्याच्या दोन्ही अंगांवरून खडूची एक सरळ रेघ ओढा आणि चाक मागेपुढे हलवा. रेघ कुठे तुटते तिथे झोल. चाकाला लागणारा एकूण झोल पाहून निर्णय घेऊ नये, कारण त्यात डिफरन्शियलच्या दात्यांमधली आणि गिअरबॉक्समधली आवश्यक मोकळीकही मिसळलेली असते. पलीकडचं मागचं चाक कोणीतरी धरून ठेवायला हवं. नाहीतर डिफरन्शियल ते उलट्या दिशेला फिरवतं आणि दोन शाफ्टांचा हिशेब एकत्र होतो.

नवा शाफ्ट की जुना मूळ कंपनीचा? इथे मत ठाम आहे: सरळ अवस्थेत खडखड न करणारा जुना मूळ शाफ्ट हा रंग लावलेल्या स्वस्त नव्यापेक्षा बरा. खाचांच्या पृष्ठभागाचा कडकपणा डोळ्यांना दिसत नाही आणि स्वस्त मालात काटकसर होते ती नेमकी तिथेच. नवा घेतलाच तर बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून मापं घ्या: पूर्ण दाबल्यावरची आणि पूर्ण ताणल्यावरची लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, सील बसतं तिथला व्यास आणि आतल्या टोकावरची क्लिपची (शाफ्टला डिफरन्शियलमध्ये धरून ठेवणाऱ्या छोट्या कडीची) खाच टोकापासून किती अंतरावर आहे ते. शेवटचं माप सगळ्यांत महत्त्वाचं, आणि घ्यायचं विसरतं तेही तेच.

सामान आधी गोळा करावं. शाफ्ट, डिफरन्शियलच्या बाजूची दोन तेल-सीलं, शाफ्टला चाकाकडे धरणारे मधले नवे बोल्ट, वेगवेगळ्या जाडीच्या क्लिपांचा संच, तेलाच्या बुचांच्या नव्या वॉशर, झाकणाचं सीलंट आणि हायपॉइड गिअरचं एसएई ९०, जीएल-५ दर्जाचं तेल. तेल लागतं साधारण १ लिटर. थोडं सांडणार हे धरून जास्त आणावं. हत्यारांत १४ मिलिमीटरची ॲलन की, टॉर्क रेंच, चाकाच्या बोल्टांच्या भोकांत बांधता येणारा पुलर, दोन जॅक, दोन भक्कम स्टँड, एक चुंबक आणि जाड तार.

हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्याच चाकांना लागतो आणि ती तर हवेत असणार. गाडीचं वजन अडण्यांवर आणि स्टँडवर, जॅकवर कधीच नाही.

पहिलं काम: तेल भरायचं बूच उघडतं का ते बघणं. ते उघडत नसताना खालचं बूच काढून तेल सोडलं तर गाडी जागेवर बसली. भरायचं बूच सुटलं की मगच खालचं. जुन्या गिअर तेलाला गंधकाचा कुजकट वास येतो, तो त्यातल्या रसायनांचा, बिघाडाचा नव्हे. बुचावर करड्या रंगाची लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर तीही नेहमीचीच. नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला तर मात्र थांबा, कारण मग दुरुस्ती अ‍ॅक्सलची राहिली नाही.

तेल निथळत असताना बाहेरचं टोक. चाकाच्या फ्लँजच्या (चाक ज्यावर बसतं त्या चकतीच्या) मध्यावर एकच बोल्ट शाफ्टला धरून असतो. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून तो आत्ताच सैल करावा, कारण पुढच्या पायरीला ब्रेकचा कॅलिपर सुटणार आहे. कॅलिपर सोडला की तारेने वर टांगा. तो होजवर लोंबला तर नळी आतून चिरते आणि ते कळतं फार उशिरा.

आता डिफरन्शियलखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या, मागचं माउंटिंग गाडीच्या तळापासून सोडा आणि डिफरन्शियल काही सेंटिमीटर खाली घ्या. तेवढ्याने झाकणाचे वरचे बोल्ट हाताला येतात आणि शाफ्ट बाहेर काढायला वाट मिळते. ट्रेलिंग आर्मलाही दुसऱ्या जॅकचा आधार असावा, म्हणजे शाफ्ट जवळपास आडवा राहतो. झाकण उघडण्याआधी सगळा भाग तारेच्या ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढणं कंटाळवाणं आहे. पण वाळूचा एक कण आत पडला तर त्याला आत दळण्याखेरीज दुसरं काम नसतं.

झाकण निघालं की आत तेलाने चमकणारे गिअर दिसतात आणि त्यांच्यामध्ये दडलेली सी आकाराची क्लिप. या अवजड कारखान्याला धरून ठेवणारी वस्तू एवढीशी. क्लिपची उघडी बाजू समोर येईपर्यंत डिफरन्शियल हाताने फिरवायचं, शाफ्ट किंचित आत ढकलायचा आणि क्लिप पक्कडीने ओढायची. ती आत पडली तर चुंबकाने शोधून काढल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

क्लिप सुटल्यावर पुलर लावून शाफ्टचं बाहेरचं टोक फ्लँजमधून आत दाबायचं. बहुतेक घोटाळे इथे होतात. दाते गंजाने धरलेले असतात आणि हात आपोआप हातोड्याकडे जातो. हातोड्याने आतल्या आट्या फुगतात, सांध्याच्या गोळ्यांना दणका बसतो आणि चाकाच्या बेअरिंगवर खुणा उमटतात. गंज मोकळा करणारं तेल टाकून थांबणं आणि पुलरचा दाब वाढवत नेणं एवढाच मार्ग. टोक सुटलं की सांधा दाबून शाफ्ट आखूड करा आणि आतलं टोक डिफरन्शियलमधून ओढून घ्या. त्यावर एखादी रिंग असेल तर ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने होती ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडायची. शाफ्टचा आधार गेलेला आतला गिअर जागचा सरकू शकतो, आणि दोन्ही सरकले तर त्यांच्या वॉशर परत जुळवताना संध्याकाळ होते.

सील बदलायचंच. जुन्या शाफ्टवर सीलच्या ओठाने घासून चर पाडली असेल आणि तोच शाफ्ट परत लावायचा असेल, तर नवं सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवावं, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर टेकतो. शाफ्ट आत सरकवताना दात्यांवर टेपचा एक वेढा घाला, नाहीतर दात्यांच्या कडा नव्या सीलचा ओठ कापून जातात. मग महिनाभरात तेल गळू लागतं आणि शिव्या सील बनवणाऱ्याला पडतात.

मग क्लिपची जाडी. क्लिपा दशांश मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, कारण प्रत्येक गिअर आणि प्रत्येक शाफ्टची खाच अगदी तंतोतंत सारखी नसते. जुनी क्लिप नव्या शाफ्टला चालेल असं गृहीत धरू नका. बरोबर क्लिपची परीक्षा सोपी आहे: खाचेत ती बोटाने फिरली पाहिजे, पण शाफ्ट आतबाहेर हलवला तर झोल जाणवता कामा नये. पातळ बसली तर शाफ्ट प्रत्येक वळणावर आतबाहेर ठोके देतो, आणि ज्यासाठी हे सगळं केलं तोच 'टक्' नव्या कपड्यांत परत येतो. जाड क्लिप ठोकून बसवली तर गिअरच्या मागची वॉशर कोरडी घासून जळते. म्हणून संचातली सगळ्यात जाड, पण जोर न लावता सरकणारी क्लिप घ्यावी.

एका बाबतीत विशेष जपावं: शाफ्ट कधीही एका टोकाला लोंबकळत ठेवू नये. सांधा मर्यादेबाहेर वाकला तर बूट आतल्या पत्र्याच्या कडेवर चिमटतं आणि नव्या रबरावर बसल्या जागी चीर पडते. ती दिसते मात्र पहिल्या पावसानंतर.

झाकण लावताना दोन्ही पृष्ठभाग अगदी कोरडे हवेत. सीलंटची रेघ बारीक, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या अंगाने, आणि सलग. जास्त लावलेलं सीलंट आत लोंबतं, तुटतं आणि तेलात फिरतं. बोल्ट तिरपे-समोरासमोर आवळायचे, कामाच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर. सीलंट सुकायला दिलेला वेळ पाळावा, तोवर माउंटिंग आणि कॅलिपर जोडून घ्यावेत. माउंटिंगचं रबर तडकलेलं असेल तर आत्ताच बदला. पुन्हा सगळं खाली आणायला कोणाचाच हात शिवशिवत नसतो.

डिफरन्शियलवर हवा सुटायला एक छोटी वाट असते. ती चिखलाने बुजली की तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधूनच बाहेर काढतो. दोन नवी सीलं लावूनही दोन्ही बाजूंनी तेल गळत असेल तर सीलं परत काढण्याआधी ही वाट तपासा. तेल गाडी समतल असताना, भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला टेकेपर्यंत. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन मीटर.

पहिली फेरी सावकाश, काचा खाली करून. पुढे, थांबा, रिव्हर्स, परत पुढे. मग एखादा चढ दुसऱ्या गिअरात. साधारण ५० किलोमीटर झाले की चाकाचे बोल्ट पुन्हा तपासून टॉर्च घेऊन खाली शिरा: झाकणाची कड, दोन्ही सीलं, बुटांच्या घड्या. बूट एखाद्या जागी आत ओढल्यासारखं चपटं दिसलं तर आत हवा कमी पडली आहे. त्याचा बारीक पट्टा क्षणभर सैल करून हवा आत घेतली की ते गोल होतं. शेवटी काढलेल्या जुन्या शाफ्टला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून ठेवा: कोणती बाजू, किती किलोमीटरला काढला, बसवलेल्या नव्या क्लिपची जाडी किती.